मदत हवी आहे: फिलाडेल्फियाच्या विसाहिकन दरीत मुलांसाठी जिओकॅश कशी ठेवावी?

नमस्कार. आमच्या मराठी शाळेतील नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी विसाहिकन व्हॅली पार्कमध्ये अनेक टप्प्यांची एक जिओकॅश (जीपीएसवरील अक्षांश-रेखांशांच्या मदतीने शोधायची लपवलेली डबी) तयार करण्याचा विचार आहे. इतरांनी ठेवलेल्या डब्या शोधण्याचा आम्हा काही पालकांना सराव आहे, परंतु स्वतः डबी ठेवण्याचा अनुभव कोणालाच नाही. त्यामुळे जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

जागेची निवड मुद्दाम केली आहे. स्कूलकिल नदीला मिळणाऱ्या विसाहिकन ओढ्याच्या काठी एके काळी गिरण्यांची रांग होती. शहराचे पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून १८६८ च्या कायद्याने ही दरी उद्यानासाठी घेण्यास सुरुवात झाली, गिरण्या हटल्या आणि जंगल पुन्हा वाढले. आज मुलांना जे घनदाट रान ‘मूळचे’ वाटते त्याचा बराचसा भाग असा परत आलेला आहे, आणि त्यांनी नेमके हेच चालता चालता शोधून काढावे अशी माझी इच्छा आहे. ओढ्याकाठच्या रुंद खडीच्या रस्त्यावर १९२० च्या दशकात मोटारींना बंदी झाली, त्यावरूनच त्याला फॉरबिडन ड्राइव्ह म्हणतात. मुलांच्या गटासाठी याहून निर्धोक वाट शहरात मिळणे कठीण आहे.

पहिली अडचण निर्देशांकांची, म्हणजे जागेच्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांची आहे. दरी खोल असून दोन्ही बाजूंना खडक आणि उंच झाडे असल्यामुळे एकाच दगडापाशी उभे राहूनही फोनवरील बिंदू सतत सरकत राहतो. जिओकॅशिंगमध्ये निर्देशांक मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) हजाराव्या भागापर्यंत देतात. फिलाडेल्फियाच्या अक्षांशावर असा एक भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे १.४ मीटर. लिहिण्याची पद्धत इतकी काटेकोर असताना प्रत्यक्ष नोंदच दहापंधरा मीटर चुकत असेल, तर मुले चुकीच्या झाडाभोवती फिरत राहतील.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. शेवटची डबी वाटेपासून दूर उतारावर ठेवली, तर शोधणाऱ्यांच्या पायांनी नवी पायवाट पडेल आणि पावसात तिथली माती ओढ्यात जाईल. जुन्या गिरण्यांच्या दगडी अवशेषांत डबी लपवण्याची सूचना एका पालकांनी केली होती. ती मी मान्य केली नाही, कारण शोधणारा माणूस दगड हलवल्याशिवाय राहत नाही.

टप्प्यांसाठी मनात असलेली ठिकाणे अशी: व्हॅली ग्रीन इन ही १८५० ची जुनी खानावळ, ‘प्रो बोनो पब्लिको’ हा लॅटिन लेख असलेले १८५४ चे कारंजे, छपराचा थॉमस मिल पूल आणि कड्यावरील ‘टॉलरेशन’ (सहिष्णुता) शब्द कोरलेला १८८३ चा क्वेकर या ख्रिस्ती पंथातील पुरुषाचा पुतळा. या सर्व ठिकाणी डब्या ठेवणे आवश्यक आहे का? आणि परवानगीसाठी नेमके कोणाकडे जावे?

प्रतिसाद १

सर्व ठिकाणी डब्या ठेवू नका. मधले टप्पे माहितीचे ठेवा: कारंज्यावरील लेखातील शब्दांची अक्षरे मोजायची आणि आलेले आकडे पुढील निर्देशांकात भरायचे. ‘प्रो बोनो पब्लिको’ची रोमन अक्षरे मोजली तरी तीन, चार आणि सात असे तीन आकडे हाती येतात. असे केल्याने खरी डबी एकच राहते, आणि दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे हा जिओकॅशिंगचा नियमही फक्त तिच्यापुरता सांभाळावा लागतो. शिवाय मुलांना मधल्या टप्प्यांवर झुडपांत शिरण्याचे कारण उरत नाही, त्यामुळे आपली दुसरी अडचण बरीचशी इथेच सुटते.

निर्देशांकांबाबत: उपग्रहांचे संकेत खडकावरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात, आणि ओली पाने ते आणखी क्षीण करतात. एका बैठकीत शंभर नोंदी घेतल्या तरी उपग्रह जवळपास त्याच जागी असल्याने सगळ्या एकाच बाजूला चुकू शकतात. म्हणून वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढावी. पाने गळल्यानंतर हे काम सोपे होते. त्यानंतरही शंका राहिली तर सूचना-ओळ स्पष्ट लिहा. मुलांसाठीच्या जिओकॅशमध्ये ती गूढ ठेवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खोदून डबी पुरणे नियमाने मना आहे आणि डबी ठेवण्यासाठीही त्याची परवानगी अनिवार्य आहे. उद्यान शहराचे आहे, त्यामुळे परवानगी शहराच्या उद्यान विभागाकडूनच घ्यावी लागेल. फ्रेंड्स ऑफ द विसाहिकन ही १९२४ पासूनची संस्था वाटांची निगा राखते. परवानगी देणे तिच्या हाती नसले, तरी कोणत्या उताराची माती सध्या वाहून जात आहे हे तिच्या स्वयंसेवकांइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांना आधी विचारून जागा ठरवली, तर अर्जातही सांगण्यासारखे काही असेल.

प्रतिसाद २

‘टॉलरेशन’चा पुतळा यादीतून वगळावा असे सुचवतो. तो खडकाच्या अगदी कड्यावर आहे, आणि फोनकडे पाहत चालणारी दहा वर्षांची मुले तिथे नेणे योग्य नाही. याच दरीतील १९०२ चा टेडियस्कंगचा (इथल्या मूळ रहिवासी लेनापी जमातीच्या नेत्याचा) पुतळाही त्याच कारणाने नको. शिवाय त्या लेनापी पुरुषाच्या डोक्यावर मैदानी प्रदेशातील जमातींचा पिसांचा मुकुट चढवलेला आहे, तेव्हा इतिहास शिकवायचा असेल तर आधी तो समजावत बसावे लागेल.

त्याऐवजी अर्थकॅशचा विचार केला आहे का? तिच्यात डबी नसते. जागेवर निरीक्षण करून भूशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. विसाहिकन शिस्ट या खडकात अभ्रक चमकते आणि काही ठिकाणी गार्नेटचे लाल दाणे हाताच्या अंतरावर दिसतात. आधी नकाशावर त्याच खडकावर कोणाची अर्थकॅश आहे का ते पाहा, कारण त्याच धड्याची पुनरावृत्ती सहसा स्वीकारली जात नाही.

गोचीड आणि पॉयझन आयव्ही यांची सूचना वर्णनात अवश्य द्या. पाने नसतानाही त्या वेलीच्या केसाळ खोडाने पुरळ उठते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दोन्ही पुतळे वगळतो. मधले टप्पे माहितीचेच ठेवीन आणि शेवटची डबी फॉरबिडन ड्राइव्हच्या कडेला, वाटेवरून हात पोहोचेल अशा जागी सुचवून अर्ज करीन. अर्थकॅश स्वतंत्रपणे, नंतर करू. वर्णन इंग्रजीबरोबर मराठीतही लिहिणार आहे.

एक शंका राहते. पाने गळल्यावर नोंदी घेण्याचे ठरवले आहे, परंतु माझ्याकडे केवळ फोन आहे. फिलाडेल्फिया किंवा दक्षिण न्यू जर्सीत कोणाकडे हातात धरण्याचे जीपीएस उपकरण असल्यास, नोव्हेंबरमधील एखाद्या शनिवारी सोबत येऊन शेवटच्या जागेच्या नोंदी ताडून पाहणे शक्य होईल का? व्यक्तिगत निरोप पाठवावा.