‘बळी तो कान पिळी’ म्हणजे डार्विन नव्हे. मराठीनं उत्क्रांती चुकीची वाचली का?

धरमपेठकर:
मुलगी यंदा दहावीला आहे. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. माकडहाड, आंत्रपुच्छ, प्लॅटिपस, सगळं तोंडपाठ. काल विचारलं, नैसर्गिक निवड म्हणजे काय गं? म्हणाली, “बळी तो कान पिळी.” शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी मान डोलावली. मीही शाळेत हेच शिकलो होतो. रात्रभर ते मनातून जाईना.

माझं म्हणणं असं, की मराठीनं नाव डार्विनचं घेतलं आणि वाचला स्पेन्सर, म्हणजे त्याच काळातला इंग्रज तत्त्वज्ञ. ‘लायक तो तगेल’ हे सूत्र डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात नव्हतंच. ते स्पेन्सरनं १८६४ साली घडवलं, डार्विननं १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतलं. त्यातही लायक म्हणजे भोवतालाशी जुळलेला. डार्विननं मदीरा बेटावरच्या भुंगेऱ्यांचं उदाहरण दिलंय. जे जास्त उडायचे ते वाऱ्याबरोबर समुद्रात गेले, ज्यांना नीट उडता येत नव्हतं ते राहिले. इथं बळाचा काय संबंध? पण आपल्याकडे म्हण तयार होती, ती चिकटवली. मग ‘जीवनकलह’, म्हणजे जगण्यासाठीची झुंज, हा शब्द आला, ‘दुबळ्यांना जगात जागा नाही’ असली भाषणं आली.

वाईट याचं वाटतं, की नेमकी प्रतिमा आपल्या घरातच होती. ‘महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वांचती.’ तुकोबांना उत्क्रांती माहीत होती असं मी म्हणत नाही. पण भुंगेरे आणि लव्हाळे शेजारी ठेवून पाहा. म्हणीऐवजी हा अभंग धरला असता, तर आपलं शंभर वर्षांचं वाचन वेगळं झालं असतं.

वाचनवेडी:
दादा, म्हणीबद्दल पटलं. स्पेन्सरबद्दल अजिबात नाही. आगरकर स्पेन्सर वाचूनच उभे राहिले. अकोल्यात शिकलेला हा गरीब मुलगा १८८८ साली ‘सुधारक’ काढतो आणि ‘देवतोत्पत्ति’सारखा निबंध लिहितो. देवांच्या कल्पनेलाही इतिहास आहे, ती माणसाच्या मनात हळूहळू घडत गेली, हे मराठीत छापायला त्या काळी काय धैर्य लागलं असेल! रूढी बदलत आल्या आहेत, म्हणजे यापुढेही बदलतील. केशवपनाविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध लिहिताना त्यांच्या पाठीशी हा विचार होता. मला तर वाटतं, मराठी निबंधाला कणा उत्क्रांतिवादानं दिला. शास्त्र थोडं चुकलं असेल, परिणाम चुकला नाही.

महालातला जुना:
तुम्ही दोघंही आपलं घर सोडून बोलताय. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसात. हा क्रम डार्विनच्या आधी कितीतरी शतकं आपल्याकडे होता. टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात हेकेल या जर्मन उत्क्रांतिवादी शास्त्रज्ञाचा विचार आपल्या सांख्य दर्शनाच्या शेजारी ठेवून तपासला आहे. बाहेरून प्रभाव आला असं म्हणताना आधी हे वाचावं.

धरमपेठकर:
काका, टिळकांचं ते प्रकरण मी आदरानं वाचलंय. ते तुलना करतात, हेकेलशी वाद घालतात, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. पण दशावताराचं पटत नाही. मत्स्याचा वंश पुढे कूर्म झाला असं कुठलंही पुराण सांगत नाही. दर वेळी देव वरून उतरतो, विशिष्ट कामासाठी. डार्विनच्या जीवसृष्टीच्या झाडाला फांद्या फुटतात, आणि त्या कुठं जायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. शिवाय अवतार आणि उत्क्रांती यांची सांगड छापील रूपात दिसते ती १८७७ साली, थिऑसॉफी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या ग्रंथात. म्हणजे डार्विननंतर. दशावताराकडे आज आपण ज्या नजरेनं पाहतो, तीच त्याच्या प्रभावाचा पुरावा आहे.

टाकळीचा दगड:
तुमी सारे पुस्तकात. जरा पायाखाली पाहा ना बाप्पा. आपल्या नागपूरच्या टाकळीले लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी दगड होऊन पडल्या होत्या. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या. हिस्लॉप पाद्री होता, पण त्यानं त्या गोळा केल्या. त्याचा आन हंटरचा नागपूरच्या भूगर्भावरचा लेख १८५५ चा, डार्विनच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधीचा. त्या गोगलगायींवर एक तरी मराठी कविता काहून नाई?

उत्तर नागपूर:
धरमपेठकर सर, भुंगेऱ्यांचं उदाहरण उत्तम. पण दोन गोष्टी.

वाचनवेडी ताई, ‘परिणाम चुकला नाही’ हे कुणासाठी? याच आनुवंशिकतेच्या भाषेत जातीचं समर्थन झालं. रक्ताची शुद्धता, वंशाची शुद्धता. बाबासाहेबांना १९३६ साली ‘जातिप्रथेचं उच्छेदन’मध्ये त्याला उत्तर द्यावं लागलं. त्यांचा युक्तिवाद पाहा: जात जोडीदार निवडत नाही, ती फक्त बंदी घालते, मग तिच्यातून वंश सुधारणार कसा? उत्क्रांतीचा आपल्या संस्कृतीवरचा प्रभाव मोजायचा तर ही बाजू आधी घ्या.

दुसरं, लव्हाळे. सर, अभंग सुंदर आहे, पण लवून टिका हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सांगून झालंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जमलेले माझे आजी-आजोबा भोवतालाशी जुळवून घ्यायला आले नव्हते. भोवताल बदलायला आले होते.

वाचनवेडी:
‘कुणासाठी’ हा प्रश्न मी विचारला नव्हता. आगरकर मी सोडणार नाही, पण ते वाक्य मागे घेते.

धरमपेठकर:
लव्हाळ्याचा हा अर्थ माझ्या मनात आलाच नव्हता, आणि यायला हवा होता. निसर्गात काय घडतं एवढंच सांगायला मी तो घेतला. माणसानं कसं वागावं यासाठी नाही. तरी उद्या मुलीला समजावताना नुसते भुंगेरेच सांगेन. आता ‘लायक तो तगेल’मधल्या पहिल्या शब्दाचं सांगा. ‘समर्थ’ म्हटलं की पुन्हा बळ आलं. ‘लायक’ ठेवू?

उत्तर नागपूर:
‘लायक’ नको सर. कोण लायक, कोण नालायक, हे आमच्याबाबत फार ठरवून झालंय. ‘जुळलेला’ लिहा. उद्या भोवताल बदलला तर तोच जुळलेला राहणार नाही, हेही तिला सांगा.