मणक्यात सिमेंट: संमतीपत्रावर 'पाय लुळे पडू शकतात' असं स्पष्ट का लिहीत नाहीत?

रानजाई
आई बाथरूममध्ये पडली, ठिसूळ झालेला एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका दबला. तिसऱ्याच दिवशी त्या मणक्यात सुईने हाडांचं सिमेंट भरायचा सल्ला मिळाला. संमतीपत्रावर 'क्वचित गुंतागुंत' एवढंच. खोदून विचारल्यावर कळलं, की सिमेंट मागे मज्जारज्जूच्या पोकळीत शिरलं तर पाय लुळे पडू शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) या गळतीबद्दल २००२ सालीच सावध केलं होतं. त्यात २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात दोन चाचण्या आल्या. काहींना खरं सिमेंट, काहींवर सिमेंट न भरता नुसती खोटी प्रक्रिया. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. मग घाई कशाला? सहा आठवडे तरी थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

शल्यक
मी मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो आणि मला हे पटत नाही. त्या चाचण्यांत वर्षभर जुनी फ्रॅक्चरसुद्धा घेतली होती. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या 'व्हेपर' चाचणीत १२० रुग्ण होते, सगळी फ्रॅक्चर सहा आठवड्यांच्या आतली, तुलना खोट्या प्रक्रियेशीच. तिथे सिमेंटचा फायदा दिसला. तुम्ही म्हणता तसं थांबलं तर नेमकी तीच वेळ निघून जाते. म्हातारं माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी, हे सगळं मी पाहिलंय.

गळतीचं म्हणाल तर सीटीवर ती पुष्कळांत सापडते आणि बहुतेकांना कळतही नाही. मज्जातंतूला इजा दुर्मिळ. ती टाळायची तर सिमेंट टूथपेस्टइतकं दाट झाल्याशिवाय ढकलायचं नाही, सी-आर्मवर (शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्रावर) बाजूचं चित्र सतत बघायचं, आणि सिमेंट मणक्याच्या मागच्या भिंतीकडे सरकायला लागलं की थांबायचं, भरलेलं कमी वाटलं तरी.

रानजाई
२०१८ च्या नेदरलँड्समधल्या 'व्हर्टोस ४' चाचणीतही ताजीच फ्रॅक्चर होती, डॉक्टर. तिथे फरक दिसला नाही. ती कुठे गेली?

पैलतीर
इथे ब्रिटनमध्ये 'नाइस'ने (कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१३ ला याला मान्यता दिली, पण अटी घालून: फ्रॅक्चर अलीकडचं, न भरलेलं, नीट औषधं देऊनही तीव्र वेदना, आणि दुखणं त्याच मणक्याचं असल्याची तपासणी व इमेजिंगने खात्री. तिसऱ्या दिवशी औषधं पुरती देऊन झाली होती का?

मुक्काम सातारा
माझ्या मावशीचं सांगतो. प्रक्रिया दुपारी झाली, संध्याकाळी उजवा पाय बधिर. 'भुलीमुळे असेल' म्हणून रात्र काढली. तिथे मणका उघडणारा सर्जनच नव्हता. दुसऱ्या दिवशी पुण्यात नेऊन गळलेल्या सिमेंटचा मज्जातंतूंवरचा दाब काढला. वॉकरवर चालते, पण पाऊल अजून उचलत नाही. सिमेंट भरावं की नाही हे तुम्ही ठरवा. मला एवढंच म्हणायचंय: गळलं तर त्याच रात्री कोण उघडणार, हे आधी विचारा.

शल्यक
मुक्काम सातारा, हे व्हायला नको होतं. प्रक्रियेनंतर पायातली ताकद कमी वाटली तर तातडीने सीटी, आणि दाब दिसला तर लगेच शस्त्रक्रिया. त्यात भुलीवर ढकलायला जागा नाही. आणखी एक: काही आठवड्यांनी तोच मणका पुन्हा खचून हाडाचा तुकडा मागे सरकू शकतो. उशिरा आलेल्या मुंग्याही दाखवा.

रानजाई, 'व्हर्टोस ४' मला माहीत आहे. म्हणूनच मी सरसकट सर्वांना सिमेंट सुचवत नाही. पण सरसकट थांबायलाही सांगणार नाही. आई उठून बसते का?

रानजाई
पट्टा लावून बसते, आधाराने संडासला जाते. हाडं बळकट करायच्या औषधाचं मात्र अजून कुणी नावही काढलेलं नाही.

शल्यक
मग सिमेंट नको. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी या आठवड्यात करून घ्या. ते औषध सुरू झालं नाही तर पुढचा मणका जाईल.