आजाऱ्यांची सेवा पाळकांचं काम की सगळ्या मंडळीचं?

तापीकाठ:
जय ख्रिस्त. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, धुळ्याची. नंदुरबार, साक्री, नवापूरकडचे कितीतरी पेशंट इथल्या सिव्हिलला येतात, आणि काहींजवळ बसायलाही कोणी नसतं. आठवड्यातून एकदा आपल्यातल्या दोघांनी तिथं जावं, हा ख्रिस्ताच्या कामात आपला वाटा आहे, असं मी सुचवलं. चर्चच्या वडील मंडळीतून उत्तर आलं, "त्यासाठी पाळक (पास्टर) आहेत, त्यांना आपण मानधन देतो." मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक कशासाठी दिलेत ते वाचा: पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामाला तयार करण्यासाठी. म्हणजे सेवा करायची ती आपणच. मत्तय २५ मध्ये प्रभू स्वतःला आजाऱ्याच्या जागी ठेवतो. "तू कोणाला पाठवलं होतंस?" असं तो विचारत नाही.

भुसावळकर:
जाण्याला विरोध नाही, पण "ख्रिस्ताच्या कामात वाटा" हे जपून बोला. त्याचं काम वधस्तंभावर पूर्ण झालं. आपलं तारण (उद्धार) कृपेनं आहे, कर्मांनी नाही. हे त्याच पत्राच्या २ऱ्या अध्यायात आहे. जेवणाचे डबे तर गणेश मंडळंही पोचवतात. मंडळीकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे नाही, अशी एकच गोष्ट म्हणजे सुवार्ता, ख्रिस्ताचा संदेश. तीच मागं पडेल याची मला काळजी वाटते.

तापीकाठ:
भाऊ, त्याच अध्यायातलं पुढचं, १०वं वचन सोडू नका. सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय. पापाची किंमत प्रभूनं एकट्यानं भरली, त्यात आपला काडीचाही वाटा नाही. पण शिष्यांचे पाय धुतल्यावर त्यानंच सांगितलं की तुम्हीही एकमेकांचे धुवा. मी म्हणतो तो वाटा हा. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुली सोबत घेऊन आल्या. आपल्याला तर रिक्षानं जायचंय.

शिरपूर_वकील:
मी ख्रिस्तीच आहे, तरी स्पष्ट सांगतो, जाऊ नका. आदिवासी पट्ट्यात धर्मांतराचा विषय किती तापलाय ते तुम्हाला माहीत आहे. उद्या कोणी आमिषाचा आरोप केला, तर भोगतील पाड्यावरचे गरीब विश्वासी. गलतीकरांस ६:१० मध्ये विश्वासाच्या घराण्याचं विशेष बरं करा असं आहे. आपल्याच मंडळीतल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे आधी बघा.

सातपुड्याची_सिस्टर:
मी वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. सिकलसेलचं (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरगं थंडीत दाखल होतं. हाडं इतकी दुखतात की चादरीचा स्पर्शही त्याला नको असतो. त्याला ऊब लागते, वरचेवर पाणी पाजावं लागतं. बाप गुजरातेत ऊसतोडीला, आईच्या कडेवर दुसरं लेकरू, आणि हातात रक्त आणायची चिठ्ठी. ब्लड बँक कुठं आहे हेही तिला माहीत नसतं. ती चिठ्ठी घेऊन जाणारा, तेवढा वेळ पोराजवळ बसणारा माणूस हवा असतो. आणि भुसावळकर दादा, खाटेवर पडलेल्याला उठून जाता येत नाही. त्याला प्रवचन ऐकवणं मला बरोबर वाटत नाही.

तापीकाठ:
वकीलसाहेब, त्याच वचनात "सर्वांचं बरं करा" आधी आहे. म्हाताऱ्यांचं मात्र खरंय, त्यांच्याकडेही जायला हवं. तुमची भीतीही खोटी नाही. म्हणून सिव्हिलच्या समाजसेवा अधीक्षकांची परवानगी घेऊनच आत जायचं, पत्रकं न्यायची नाहीत, आणि मदत करताना जात-धर्म विचारायचा नाही. कोणी विचारलं तर आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही.

भुसावळकर:
ऐकल्याशिवाय विश्वास कसा धरतील, हे रोमकरांस १०:१४ मला सोडवत नाही. विचारल्यावरच बोलायचं हे मला मान्य नाही. पण सिस्टर, खाटेवरच्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर आत्ता माझ्याकडे उत्तर नाही.

शिरपूर_वकील:
परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. माझं मत तेच आहे.

सातपुड्याची_सिस्टर:
येणार असाल तर भेटीच्या वेळेत नको, तेव्हा गर्दी असते. रात्रपाळीला माणूस कमी पडतं, त्या वेळेचं अधीक्षकांना विचारा. बायकांच्या वॉर्डात बायकाच पाठवा. अहिराणी किंवा पावरी बोलणारं कोणी असेल तर त्यांना पहिल्यांदा आणा.