घसा बधिर करणारा स्प्रे जेवणाआधी मारला तर चालतो का?

सई_क
बाबा ६६ वर्षांचे, घशाच्या रेडिएशनचा चौथा आठवडा. जिभेच्या कडेला आणि घशात फोड आलेत. घरात लिग्नोकेन १० टक्क्यांचा पंप स्प्रे आहे, दातासाठी आणलेला. जेवणाआधी घशात दोन-तीन फवारे मारले तर चार घास पोटात जातील का?

औषधमात्रा
घशात मारून लगेच जेवायला बसवू नका. औषध एक-दोन मिनिटांत चढतं आणि घशाला घास कुठे आहे तेच कळेनासं होतं. मग घास श्वासनलिकेकडे सरकला तरी ठसका उशिरा लागतो, कधी लागतच नाही. तोंडात-घशात वापरल्यावर तासभर खायचं नाही ते यासाठीच. रेडिएशनने गिळणं आधीच मंदावलेलं असतं, त्यांना हा धोका दुप्पट समजा.

दुसरं, या पंपाच्या एका दाबाला १० मिलिग्रॅम औषध येतं आणि सोललेल्या त्वचेतून ते रक्तात जास्त जातं. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, जीभ जड, गरगरणं ही अंगात जास्त गेल्याची खूण. तसं झालं तर स्प्रे बंद करून थेट दवाखाना गाठा. हृदयाच्या ठोक्यांची गोळी किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय एकही फवारा नको.

सई_क
मग जिभेच्या फोडांना तरी?

औषधमात्रा
तिथे चालेल, पण रेडिएशनच्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. फवारा तोंडात न मारता कापसाच्या काडीवर घ्या, फोड कोरडा टिपून तेवढ्यावरच टेकवा, सुटलेली लाळ थुंकायला सांगा. या स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, पहिल्यांदा झोंबेल. बधिर असताना गरम चहा नको, जीभ-गाल चावले तरी कळत नाही.

गिळणं_सोपं
जेवणासाठी वेगळा मार्ग आहे. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक, शक्यतो पातळ, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. त्याने दुखणं कमी होतं, घसा मात्र जागा राहतो. बेन्झिडामिनची (तोंडातलं दुखणं-सूज कमी करणारं औषध) गुळणीही विचारून पाहा. दिवसभर एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा, दर दोन-तीन तासांनी चूळ भरून थुंकायची. जेवण कोमटच: गुरगुट्या भात-तूप, नाचणीची पेज, फोडणी न दिलेलं मुगाचं वरण. ताक, लिंबू, टोमॅटो झोंबतात. ताठ बसवून आधी एक चमचा पाणी द्या. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर घास देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

औषधमात्रा
कुणी बेन्झोकेनचा (हेही बधिर करणारं औषध) स्प्रे किंवा जेल सुचवलं तर तेही स्वतःहून नको. क्वचित त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडेनासं होतं: ओठ-नखं निळी-राखाडी, धाप, आणि बोटावरचं यंत्र ८५ च्या आसपास अडकून बसतं. दोन वर्षांखालच्या मुलांना तर मुळीच नाही, दात येताना हिरड्यांनाही नाही.

गिळणं_सोपं
लाळही गिळता येत नसेल, ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला किंवा श्वासाला घरघर आली, तर स्प्रेचा विचार सोडून त्याच दिवशी दाखवा.