सिसरोचं लांबलचक वाक्य फोडायचं कसं? (लॅटिन, दुसरं सेमिस्टर)

घाटंजीकर
बीएला संस्कृत होतं. आता एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला लॅटिन घेतलंय. व्याकरण झालं. या सेमिस्टरला रोमन वक्ता-लेखक सिसरोच्या ‘दे ऑफिकीस’चा (‘कर्तव्यांविषयी’) पहिला भाग आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची मित्र लुकिलियसला लिहिलेली पत्रं आहेत. शब्द कोशात सापडतात, रूपंही ओळखू येतात, पण सिसरोचं पहिलंच वाक्य जुळत नाही. गावात रेंज रात्रीच मिळते आणि लाइनचा भरवसा नाही, म्हणून ऑफलाइन चालणारं काही असेल तर सांगा. आणि आधी मराठीत करून मग इंग्रजीत न्यावं का?

विभक्तीवाला, वरूड
भाऊ, तेच वाक्य घ्या. अर्थ लावायच्या आधी पेन्सिलीने फक्त जोडशब्द शोधा. सुरुवातीला ‘क्वामक्वाम’ आहे, म्हणजे ‘जरी’. याचा ‘तरी’ कुठेतरी असणारच, तो खाली ‘तामेन’ होऊन येतो. या दोघांमधलं सगळं कंसात टाका. ‘तामेन’च्या लगेच पुढे ‘उत’ने (इथे ‘जसं’) आणखी एक उपवाक्य सुरू होतं (‘जसं मी स्वतः ग्रीकला लॅटिन जोडत आलो’), तेही कंसात. मग उरतं ते ‘इदेम तिबि केन्सेओ फाकिएन्दुम’. ‘केन्सेओ’ हे मुख्य क्रियापद. वाक्याचा कणा एवढाच: तूही तेच करावंस असं मला वाटतं.

इथे संस्कृतवाले हमखास अडकतात. ‘फाकिएन्दुम’ म्हणजे आपलं ‘कर्तव्यम्’, पण संस्कृतात कर्ता तृतीयेत जातो (त्वया) आणि लॅटिनमध्ये चतुर्थीत (तिबि). ‘तुझ्यासाठी’ असा अर्थ केला की वाक्य बिघडतं. मराठीत आपण ‘तुला करायचं आहे’ म्हणतो, तीच ही चतुर्थी.

आता कंस उघडा. ‘आन्नुम याम आउदिएन्तेम क्रातिप्पुम’: धातुसाधित वर्तमानकाळी असलं तरी ‘याम’ आणि कालावधी सोबत आहे, म्हणून ‘वर्षभरापासून क्रातिप्पसकडे शिकतो आहेस’. पुढच्या ‘आल्तेर… आल्तेरा’मध्ये लिंग बघा. पहिला पुल्लिंगी, म्हणजे गुरू. दुसरी स्त्रीलिंगी, म्हणजे अथेन्स नगरी. गुरू ज्ञानाने समृद्ध करतो, नगरी उदाहरणांनी. लिंगाकडे दुर्लक्ष झालं तर इथे निव्वळ अंदाज बांधत बसावं लागतं. इ.स.पू. ४४ मध्ये बापाने अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलेला हा ग्रंथ आहे, हे लक्षात ठेवून वाचा, सूर आपोआप सापडतो.

रात्रपाळी_आर्वी
आधी मराठीत करा, नक्की करा. दोन ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा लॅटिनच्या जवळ आहे.

एक, ‘दीक्सित से वेनीरे’. मराठीत ‘आपण येतो आहोत असं तो म्हणाला’. मूळ बोलण्याचा काळ जसाच्या तसा राहतो, आणि ‘से’ला ‘आपण’ अगदी चपखल बसतो. ‘से’ऐवजी ‘एउम’ असेल तर येणारा माणूस दुसरा. इंग्रजीत मात्र आतलं क्रियापद भूतकाळात ढकलावं लागतं आणि दोन्हीकडे एकच सर्वनाम येतं. मार्क तिथे जातात, म्हणून मराठी ओळीवर ‘से’ किंवा ‘एउम’ लिहून ठेवा.

दोन, सति सप्तमी (संस्कृतातली ‘अमुक झाल्यावर’ अशी रचना). लॅटिनमध्ये तेच काम पंचमी करते, कारण तिथल्या पंचमीतच जुनी तृतीया आणि सप्तमी मिसळल्या आहेत. ‘हीस रेबुस कोग्नितीस’ म्हणजे ‘या गोष्टी कळल्यावर’. ‘-ल्यावर’ लावा, सुटसुटीत होतं. मात्र प्रत्येक पंचमी ‘-हून’ने करू नका, ‘ने’, ‘-हून’, ‘त’ तिन्ही लावून बघा.

विभक्तीवाला, वरूड
बरोबर. शिवाय छापील मजकुरात दीर्घ स्वरांची खूण बहुधा नसते. ‘वेनित’ म्हणजे ‘येतो’ की ‘आला’, हे शेजारच्या क्रियापदांचा काळ बघून ठरवावं लागतं.

कोशप्रेमी, मूल
ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा, सेनेकाला सोपा समजू नका. वाक्यं आखूड असतात, पण मांडणी फार घट्ट. पहिल्या पत्रात वेळ कसा जातो हे सांगताना तीन क्रियापदं आहेत: हिसकावला जायचा, चोरला जायचा, निसटून जायचा. पहिली दोन कर्मणी, तिसरं कर्तरी, म्हणजे तिथे चोर कुणी नाही, हातातूनच गळालं. पुढच्याच वाक्यात तो हीच तीन पायऱ्यांची उतरण वेगळी क्रियापदं घेऊन त्याच क्रमाने पुन्हा आणतो. कुणी दोन्हीकडे सरसकट ‘वाया गेला’ लिहिलं तर व्याकरण चुकत नाही, पण सेनेका हातचा जातो. काळही अपूर्ण भूत आहे, म्हणून ‘गेला’ नाही, ‘जायचा’.

ऑफलाइनसाठी ‘व्हिटेकर्स वर्ड्स’ उतरवून घ्या, लहानसा प्रोग्राम आहे, नेटशिवाय चालतो. तो एका शब्दाची शक्य ती सगळी रूपं देतो, त्यातलं कुठलं लागू पडतं ते सांगत नाही. म्हणून रूप आधी स्वतः ओळखा, मगच ताडून बघा. लुईस-शॉर्टचा मोठा कोश रेंज असताना एकदाच फाइलरूपात घेऊन ठेवा; तात्त्विक शब्दांना तोच लागतो, त्यात सिसरोचे उतारेच दाखल्याला असतात.

घाटंजीकर
कंसाची रीत लावली, ‘तामेन’ सापडला. ‘उत’ पुन्हा शेवटी ‘पार सीस’सोबत आहे, तोही ‘जसं’ का?

विभक्तीवाला, वरूड
नाही. ‘सीस’ संकेतार्थी (सब्जंक्टिव्ह) आहे, म्हणून तो हेतूचा ‘उत’: ‘तू दोन्ही भाषांत (ग्रीक आणि लॅटिन) सारखाच तयार व्हावास म्हणून’. वरच्या ‘उत’चं क्रियापद ‘कोन्युन्क्सी’ साधं निश्चयार्थी होतं, म्हणून तिथे ‘जसं’. ‘उत’ दिसला की क्रियापदापर्यंत जायचं आणि मगच अर्थ लिहायचा.