अलास्काच्या किनारी मैदानात एकही तेलविहीर नको

रानवाट:
अलास्काच्या ईशान्येला आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. त्यातल्या सुमारे १५ लाख एकरांच्या किनारी मैदानात तेल काढू द्यायचं का, हा वाद १९८० पासून पेटलेला आहे. २०१७ च्या कायद्याने तिथे भाडेपट्ट्यांचे लिलाव बंधनकारक झाले. माझा ठाम विरोध आहे. ‘पॉर्क्युपाइन’ नावाच्या कळपातल्या कॅरिबूंच्या (रेनडियरसारख्या रानटी हरणांच्या) माद्या जूनच्या सुरुवातीला इथे वितात. समुद्रावरून वारा सुटला की डास हटतात आणि पिल्लांना निवांत दूध पिता येतं. ग्विचिन या इथल्या आदिवासी लोकांचं जगणंच या कळपावर आहे, त्यांच्यासाठी ही भूमी पवित्र आहे.

तेलकरी:
आणि काक्टोविकचं काय? त्या मैदानातलं हे एकमेव गाव इनुपियाट या दुसऱ्या आदिवासी लोकांचं, आणि तिथले कितीतरी जण तेलाच्या बाजूने आहेत. नॉर्थ स्लोपवरच्या, म्हणजे अलास्काच्या उत्तर टोकाच्या पट्ट्यातल्या शाळा, दवाखाने, नळाचं पाणी तेलाच्या करातून आलं. शिवाय पश्चिमेकडच्या प्रूडो बे या तेलक्षेत्रात तेल निघत असतानाच तिथला दुसरा कॅरिबू कळप १९७० च्या दशकातल्या सुमारे ५ हजारांवरून २०१० पर्यंत ७० हजारांच्या घरात गेला.

रानवाट:
तोच कळप २०१६ मध्ये २२ हजारांच्या आसपास आला, तेही सांगा ना! घट तेलामुळे झाली असं मी म्हणत नाही, पण मग वाढीचं श्रेयही तेलाला देऊ नका. मुद्दा वेगळाच आहे. प्रूडोजवळ पिल्लं असलेल्या माद्या रस्त्यांपासून, पाइपलाइनपासून लांब सरकल्या. तिथे मैदान रुंद आहे, म्हणून सरकता आलं. इथे एका बाजूला ब्रूक्स पर्वतरांग, दुसऱ्या बाजूला ब्यूफोर्ट समुद्र. सरकायचं कुठे?

मुक्ता:
कंपन्यांना तरी कुठे हवंय? २०२१ च्या लिलावात बड्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत, बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच संस्थेने घेतले. जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली आली नाही.

तेलकरी:
भाव चढला की येतील. २०२५ च्या नव्या कायद्यात आणखी चार लिलाव आहेतच. आणि हल्ली एकाच ठिकाणाहून लांबवर आडव्या विहिरी खणतात, जागा फार कमी लागते.

रानवाट:
विहिरीच्या आधी तेल शोधायचं सर्वेक्षण येतं. १९८४-८५ च्या हिवाळ्यांत बर्फावरून फिरलेल्या सर्वेक्षणाच्या गाड्यांचे माग टुंड्रावर, म्हणजे तिथल्या गोठलेल्या, झाडं नसलेल्या जमिनीवर, दशकांनंतरही दिसत होते. काक्टोविकची गरज मात्र खरी आहे. जमीन राखायची तर तिथल्या शाळा-दवाखान्यांचा खर्च वॉशिंग्टनने उचलावा.

तेलकरी:
म्हणजे दरवर्षी हात पसरायचा? कर हा त्यांचा हक्क आहे. मदत सरकार बदललं की बंद होते.