दूध पुरंना म्हणायलेत, नवऱ्यानं काय करावं?

सेलूकर
लेकरू आज १२ दिवसांचं झालं. पहिलंच आहे. सिझर झालं म्हणून बायको माहेरी गेली नाही, इथं सेलूलाच आहे, सासूबाई बाळंतपणाला आल्यात. जन्माच्या वेळी वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, पाचव्या दिवशी २ किलो ६५०, आज टाके दाखवायला नेलं तिथं २ किलो ८२० भरलं.

रात्री दर दीड-दोन तासाला उठतंय अन् रडायलंय. माझी माय म्हणती, दूध पुरंना. सासूबाई म्हणतात, ऊन किती तापायलंय, चमच्यानं पाणी पाजा. काल चुलत्यांनी पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. तो बघितल्यापासून बायको बोलंना झालीय. पाजायला बसली की डोळ्याला पाणी. मला म्हणाली, "तुम्हाला बी वाटतं का, माझ्यातच कमी आहे म्हणून?" मला उत्तर सुचलं नाही.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात रोज जळालेल्या मोटारी येतात, सकाळी नऊला गेलो की रात्री नवाला घरी. मी नेमकं काय करू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

उदगीरची लेक
भाऊ, आधी तो डबा फळीवरून हलवा. वरचं पाजलं की लेकरू अंगावरचं तेवढं कमी ओढतं, अन् जेवढं ओढलं जाईल तेवढंच दूध तयार होतं. माझ्या थोरल्याच्या वेळी रात्रीची एक बाटली म्हणून सुरू झालं, दीड महिन्यात माझं अंगावरचं बंद पडलं. मालकांनी तेव्हा एकदा जरी "राहू द्या बाटली" म्हणलं असतं! दहा वर्षं झाली, मला अजून ते लागतं. तिनं विचारलंय त्याचं उत्तर आजच द्या.

अंबाजोगाईचा मास्तर
सेलूकर, तुमच्याच आकड्यांचं गणित मांडतो. ७ दिवसांत १७० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २४ च्या आसपास. ह्या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली धरतात. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं. तुमच्या लेकराला दूध पुरायलंय. हे आधी बायकोला सांगा, मग मायला. मायशी तुम्ही स्वतः बोला, बायकोला मधे घालू नका.

आता माझं सांगतो. आमचं लेकरू नुसती बोंडी तोंडात धरायचं. चिरा पडल्या होत्या. लेकरू तोंडाजवळ आलं की बायको डाव्या हातानं वाकळीची शिवण मुठीत गच्च आवळायची. आठ दिवस मी ते बघत होतो अन् मला वाटायचं, असंच असतं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं दाखवलं: लेकरानं तोंड मोठं उघडलं की मगच छातीकडं आणायचं. बोंडीभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे. आता बघा, आईला वरून तो खालचा ओठ दिसतच नाही. समोर बसलेल्याला दिसतो. ते माझं काम झालं. मी कंदिलाच्या वाती एवढा बारका दिवा लावून समोर बसायचो. ओठ आत दुमडला असला की सांगायचो, ती करंगळी लेकराच्या तोंडाच्या कडेला घालून सोडवायची अन् परत लावायची. तिसऱ्या रात्री तिची मूठ सुटलेली दिसली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी बाप झालोय.

सिझर आहे तर टाक्यांवर भार नको. लेकरू काखेखाली घ्यायचं, पाय पाठीमागं, खाली उशी. लेकरू उचलून तिच्याजवळ देणं, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, हे तुम्ही करा. पाजायला बसली की लगेच घशाला कोरड पडते, तांब्या भरून हाताशी ठेवत जा.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, सासूबाई जे करतील ते प्रेमानं खाऊ द्या. पण दूध वाढतं ते लेकराच्या ओढण्यानं.

आशाताई, जिंतूर तालुका
सासूबाईंना सांगा, अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने वेगळं पाणी नको, भर उन्हाळ्यात सुद्धा. घुटी नको, अन् मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

रडण्यावरून दूध मोजू नका, लघवीवरून मोजा. २४ तासांत सहा तरी ओल्या लंगोट्या झाल्या पाहिजेत. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. रात्रीचं चुकवू नका, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. लेकरू सुस्त पडलं, ओढंना झालं, ताप आला, अंग गार पडलं, तळपायापर्यंत पिवळं दिसलं किंवा लघवी कमी झाली तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनीच तपासून वरचं दूध लिहून दिलं तर ते द्यायचं, त्यात आईचा दोष नसतो.

१४ व्या दिवशी तुमच्याकडची आशा वजनकाटा घेऊन येईल. तेवढा वेळ दुकान बंद ठेवा अन् खोलीत थांबा. मी घरोघरी जाते, नवरा बहुतेक उंबऱ्याबाहेर उभा असतो. आत या, विचारा.

सेलूकर
आज १६ वा दिवस. सगळ्यांचे आभार. डबा चुलत्यांना परत नेऊन दिला, थोडे रागावले. मायच्या हातात खडू दिला अन् म्हणलं, लंगोट्या तू मोजायच्या. दाराच्या मागं रेघा ओढायलीय, काल नऊ झाल्या. रात्री मला उठवून दाखवल्या. पाण्याचं आता कोणी बोलत नाही.

१४ व्या दिवशी आमच्याकडच्या आशाताई आल्या तेव्हा घरीच होतो. २ किलो ८७० भरलं. दुपारी एक ते तीन शटर खाली ओढतो, तेवढ्यात ती झोपते अन् लेकरू माझ्या छातीवर.

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच रात्री दिलं. ती बराच वेळ रडली, मग जेवली.

एक विचारायचंय. डाव्या बाजूला लेकरू चांगलं धरतंय, उजवीकडं तोंड फिरवायलंय. काखेखाली घेऊन बघितलं तरी तेच. मास्तर, तुमच्याकडं असं झालं होतं का?